पेटीला भरवणारे भाऊ

पेटी म्हटल्याबरोबर तुम्ही मांडी घालून बसला असाल. आता भाऊ काळी चार धरणार, कुणीतरी भैरवी आळवणार आणि मी डोळे पुसत लिहिणार. उठा. ही पेटी ती नव्हे. ही लोखंडाची होती, उचलायला दोन माणसं लागायची, आणि तिला सूर एकच, हूंऽऽऽ. बरं, फोटोग्राफरची गोष्ट आहे असं सांगितलं तर तुम्ही पुढे सरकून विचाराल, मग काय, नट्याबिट्या यायच्या का स्टुडिओत? अंबरनाथ पश्चिमेला, पिठाच्या गिरणीला लागून असलेल्या स्टुडिओत कुठली नटी येतेय? पीठ यायचं. आमच्याकडून फोटो काढून माणूस बाहेर पडला की केस पांढरे झालेले असायचे, आणि घरचे म्हणायचे, एवढा वेळ बसवून ठेवतात का रे फोटोला!

मी तेव्हा विशीतला. बदलापूरच्या शाळेत जेवढं शिकवलं तेवढं शिकलेला, आणि जे शिकवलं नाही ते मास्तरांच्या नकला करून शिकलेला. भाऊंकडे माझं काम दोन प्रकारचं. निगेटिव्हवर पेन्सिल मारून लोकांच्या तोंडावरचे देवीचे व्रण घालवायचे, आणि मागचे पडदे रंगवायचे. मी आठवडा खपून ताजमहाल काढला. भाऊंनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "दुधाची डेअरी बरी जमलीय." तेव्हापासून तो पडदा डेअरीच झाला. नवराबायको आले की भाऊ मला सांगायचे, "नकल्या, डेअरी सोड खाली."

नकल्या म्हणजे मी. स्टेशनमास्तर, गिरणीवाला, टांगेवाला, सगळे मला यायचे. पण भाऊंची नकल सगळ्यात सोपी. डावा हात खिशात घालायचा, नाक पुढे करायचं, झाले भाऊ.

डाव्या हाताचं असं होतं की लढाईच्या वेळी भाऊ इथल्या मिलिटरी कॅम्पात वायरलेस दुरुस्तीला होते. तिथे त्यांना एका पंजाबी हवालदाराने शिकवलं होतं, जिवंत यंत्राच्या पोटात दोन हात कधी घालायचे नाहीत. करंट एका हातातून शिरतो, दुसऱ्यातून निघतो आणि जाताना वाटेत काळीज लागतं. म्हणून एक हात खिशात. लढाई संपली, मिलिटरी गेली, त्या बराकींत सिंधी लोक येऊन राहिले, कॅम्पाचं उल्हासनगर झालं, पण भाऊंचा डावा हात काही खिशातून बाहेर आला नाही. लेंग्याला खिसा नसतो म्हणून त्यांनी शिंप्याकडून मुद्दाम लावून घेतला. लग्नात अक्षता एका हाताने टाकायचे. टाळ्या वाजवायची वेळ आली की उजव्या हाताने मांडी बडवायचे. एकदा मामलेदारांना एका हाताने नमस्कार केला, तर ते असे बघायला लागले की जणू यांनी विडीच मागितली. शिवमंदिरातसुद्धा एकच हात. मी म्हटलं, "भाऊ, निदान देवापुढे तरी दोन्ही जोडा." तर म्हणाले, "तिथे तर जास्त जपायला पाहिजे. केवढी शक्ती आहे आत."

आणि नाक. भाऊ कुठलीही जुनी वस्तू घेताना आधी हुंगायचे. ट्रान्सफॉर्मर जळालेला असेल तर त्याचा एक करपट वास राहतो, वरून कितीही रंग मारा. ते खरंच होतं. पण मग ही सवय भाजीपर्यंत गेली, छत्रीपर्यंत गेली. मला कामावर ठेवतानाही त्यांनी जवळ येऊन दोनदा नाक ओढलं होतं. "जळालेला नाहीयेस," म्हणाले, "ये उद्यापासून."

आता पेटी. मोठ्या शहरातल्या स्टुडिओंत तेव्हा नुकतेच विजेचे फ्लॅश आले होते. लोखंडी पेटीत कंडेन्सर असतात, म्हणजे वीज साठवायचे डबे. ते भरले की बटण दाबायचं, काचेच्या नळीत लख्खकन उजेड पडतो आणि विझतो. इतक्यात विझतो की उडणाऱ्या माशीचे पंखसुद्धा जागच्या जागी दिसावेत. अंबरनाथमध्ये असलं काही कुणाकडे नव्हतं, आणि भाऊंनाही नको होतं. आमच्याकडे मोठाले बल्ब होते. माणूस बसवायचा, बल्ब लावायचा, लेन्सचं झाकण काढायचं, मनात एक-दोन म्हणायचं, झाकण लावायचं. तेवढा वेळ माणूस दगड झाला पाहिजे.

साईंना दगड होता येईना, म्हणून सगळं सुरू झालं.

साईं म्हणजे कॅम्पातले एक सिंधी म्हातारे. बराकीच्या तोंडाशी सुया, रिळं, बटणं घेऊन बसायचे. त्यांची मान सारखी हलायची, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. आजारच होता तो. गिऱ्हाईक भाव विचारायचं, एक आकडा बोलायचं, साईंची मान नाही-नाही म्हणायची. गिऱ्हाईक बिचारं आपण होऊन भाव वाढवायचं. मान पुन्हा नाही-नाही. शेवटी साईं ओरडायचे, "अरे बाबा, हां! हां है! मुंडी पे मत जाओ!"

त्यांची मुलगी गोपी. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा इंदूरचा. गोपी मराठी नळावर शिकली होती. कॅम्पातल्या नळावर जे मराठी ऐकू येतं तेवढंच तिला यायचं, त्यामुळे सभ्य माणसाशी बोलायचे शब्द तिच्याकडे नव्हतेच. पहिल्यांदा आली तेव्हा भाऊंच्या काउंटरवर हात आपटून म्हणाली, "ए भाऊ, माझ्या बाबांचा फोटो काढ. नीट काढ. नाय तर बघ."

काढला. फोटोत साईंचा कोट होता, टोपी होती, आणि दोघांच्या मधे धूर. पुन्हा काढला, पुन्हा धूर. भाऊंनी माळ्यावरून मान धरायचा लोखंडी स्टँड काढला. जुन्या काळी फोटोग्राफर गिऱ्हाइकाच्या मानेमागे लावायचे तसा. लावला. मान थांबायच्या ऐवजी स्टँड हलायला लागला. साईंनाच हसू आलं. म्हणाले, "छोडो भाऊ. जिस फोटू में मैं, वो फोटू खराब. शादी के टाइम मैं बाजू में खडा रहूंगा."

"बाजूला नाय," गोपी म्हणाली. "बाबा फोटोत नाय तर मी पण नाय. इंदूरला काय घेऊन जाऊ? धूर?"

एकदाच पेटणारे परदेशी बल्ब मिळायचे, भाऊंनी तेही आणून बघितले. त्यांचा उजेड भाऊंच्या मते आळशी. पेटायला वेळ, विझायला वेळ, आणि मधल्या वेळात साईंची मान दोन गावं फिरून यायची. त्या दिवसापासून भाऊंचं जेवणावरचं लक्ष उडालं. "म्हणजे मी फोटोग्राफर कसला," म्हणायचे. "जो बसेल त्याचाच फोटो काढता येतो मला. भिंतीचा कुणीही काढील."

कॅम्पात तेव्हा मिलिटरीच्या मोडीची दुकानं होती. तंबू, बूट, पाण्याच्या बाटल्या, वायरलेसचे सांगाडे, सगळं लिलावातून उचललेलं. भाऊ आणि मी रोज संध्याकाळी एकेक दुकान हुंगत फिरायचो. दुकानदार मला हळूच विचारायचे, "ये साहब कुत्ता ढूंढ रहा है क्या?" एका दुकानात मागच्या बाजूला भाऊ थांबले. एका लोखंडी पेटीवर म्हशीची पेंड ठेवली होती. भाऊंनी पेंड बाजूला केली, गुडघ्यावर बसले, झाकणाच्या फटीला नाक लावलं. डोळे मिटले.

"काय आहे?" मी विचारलं.

"उपाशी आहे," भाऊ म्हणाले. "जळालेली नाही. नुसती उपाशी."

दुकानदाराला वाटत होतं ते बॅटरी चार्ज करायचं यंत्र आहे. होती मिलिटरीच्या फोटोवाल्यांची फ्लॅशची पेटी. भाऊंनी आतले कंडेन्सर बघितले, कुठे फुगलेत का, कुठून तेल पाझरलंय का. पेटीबरोबर भुशात गुंडाळलेली काचेची नळी होती. ती रुमालाने धरून उजेडात फिरवली. नळी टोकाला काळी पडलेली असेल तर तिचं आयुष्य झालेलं असतं. आमची थोडीशी तपकिरी होती. "माझ्या वयाची आहे," भाऊ म्हणाले आणि पेटी उचलायला एक हात लावला. दुसरी बाजू आणि तिसरी बाजू मी.

आता कुणीही काय केलं असतं? घरी नेऊन वायर लावली असती. भाऊ मला म्हणाले, "लढाईपासून हिच्या पोटात काही गेलेलं नाही. एकदम भरपूर घातलंस तर फुटेल." मग त्यांनी मधे एक घरगुती बल्ब जोडला, म्हणजे वीज आधी बल्बातून गाळून जाईल, आणि थोडा वेळच बटण चालू ठेवलं. बल्ब झगझगीतच राहिला तर पेटीला काही सोसत नाहीये. हळूहळू मंद झाला तर समजायचं, पोटात राहतंय. पहिल्या दिवशी बल्ब मंद व्हायला इतका वेळ लागला की मला झोप लागली. उठून बघतो तर भाऊ पेटीसमोर पाटावर बसलेले, एक हात खिशात, आणि तिला म्हणतायत, "सावकाश. कुणी मागे लागलेलं नाही."

खरं तर मागे लग्नाची तारीख लागली होती. मी आठवण करून दिली, तर म्हणाले, "ते तिला सांगू नकोस."

रोज थोडी जास्त वीज, रोज थोडा जास्त वेळ. झालं की बांबूच्या टोकाला बांधलेली तांब्याची तार लावून पेटी रिकामी करायची. फाट्‌ असा आवाज व्हायचा आणि गिरणीवाला पट्टा तुटला म्हणून बाहेर यायचा. आणि लग्नाच्या थोडेच दिवस आधी भाऊंनी मला खुर्चीवर बसवलं, म्हणाले, "मान हलव." मी साईंची हुबेहूब नकल केली. लख्ख! प्रिंट धुऊन बघितली तर माझी मान जागच्या जागी, आणि तोंडावर साईं. भाऊंनी ती प्रिंट बराच वेळ धरून ठेवली. म्हणाले, "हे कुणाला दाखवू नकोस. त्यांना वाईट वाटेल." असं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

लग्नाच्या संध्याकाळी पेटी टांग्यात घालून आम्ही बराकीत नेली. भाऊंनी तिच्याभोवती रांगोळीचं गोल कुंपण काढलं, वर हळदकुंकू टाकून लाल-पिवळं केलं, म्हणजे लांबून दिसावं आणि कुणी हात लावू नये. आता विचार करा. बराकीत लग्न, मधोमध हूंऽऽऽ करणारी पेटी, भोवती रांगोळी, हळदकुंकू, आणि शेजारी एक गंभीर माणूस एक हात खिशात घालून उभा. सिंध्यांना वाटलं मराठी लोकांचा काहीतरी विधी आहे. बायका येऊन वाकून जायला लागल्या. कुणीतरी फूल टाकलं. भाऊ "लांब, लांब" म्हणत होते, त्यांना वाटलं मंत्र.

पुढे खुर्च्या मांडल्या. गोपी, नवरा, आणि गोपीच्या बाजूला साईं. घाबरल्यामुळे त्यांची मान नेहमीच्या दुप्पट हलत होती. मी कॅमेऱ्यापाशी, एक हात लेन्सच्या झाकणावर, दुसऱ्यात पेटीचं बटण. पेटीचा सूर चढत चढत गेला, भाऊंनी मान डोलावली, म्हणजे भरली.

आणि नवऱ्याकडची एक म्हातारी पाण्याने भरलेला लोटा घेऊन निघाली. सिंध्यांच्यात पाणी म्हणजे देव. एवढी पूजा मांडलीय, आपणही पाणी वाहावं म्हणून ती रांगोळीच्या आत पाय टाकून पेटीवर लोटा कलता करते न करते, तोच भाऊ उडाले. माणूस असा उडताना मी पुन्हा पाहिला नाही. दोन्ही हात! खिशातला हातसुद्धा! दोन्ही हातांनी लोटा मधल्या मधे पकडला, आणि पेटीवर जाणारं सगळं पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं. चष्म्यावरून पाणी गळतंय, मिशीवर तुळशीचं पान, आणि मोठ्या अदबीने म्हातारीला म्हणतायत, "पोचलं हो आजी, पोचलं."

साईं हसले. तोंड उघडं टाकून, खांदे उडवत हसले. मी झाकण काढलं आणि बटण दाबलं.

तो फोटो मला अजून दिसतो. नवरदेव पेटीकडे बघतोय, मागची सगळी मंडळी पेटीकडे बघतायत. एकटी गोपी बापाकडे बघतेय. आणि साईंचा चेहरा असा स्वच्छ, की मिशीचा केसन्‌ केस वेगळा. साईंनी प्रिंट हातात घेतली, उजेडाकडे नेली. मग म्हणाले, "अच्छा, मैं ऐसा हो गया हूं." दुकानात सुयांच्या पाकिटाशेजारी त्यांनी ती लावली. एक प्रिंट गोपीबरोबर इंदूरला गेली. आणि भाऊंनी मोठी करून स्टुडिओच्या काचेत लावली.

पेटीही राहिली. अशी पेटी बंद ठेवली की पुन्हा उपाशी पडते, त्यामुळे गिऱ्हाईक असो नसो, भाऊ रोज दिवेलागणीला रिकाम्या खुर्चीवर एकदा फ्लॅश मारायचे. ऐन एप्रिलात लोक वर बघून छत्र्या शोधायचे. बाहेरची भाजीवाली टोपली उचलायची, "भावानी वीज पाडली, चला घरा."

"वापरलं नाही की विसरतं," भाऊ म्हणायचे. हे ते पेटीपुरतं म्हणत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं. दर रविवारी ते बदलापूरला जायचे. तिथे त्यांचे थोरले भाऊ राहायचे. दोघांचं जमिनीवरून बोलणं बंद. मी एकदा बरोबर गेलो. दोघं ओटीवर बसले, वहिनींनी पाणी दिलं, कुणी एक शब्द बोललं नाही, आणि आम्ही उठून आलो. वाटेत मी थोरल्यांच्या न बोलण्याची नकल केली, म्हणजे नुसता बसलो. भाऊ हसले नाहीत. म्हणाले, "आज त्याने तांब्या माझ्याकडे सरकवला. बघितलंस?" मी नव्हता बघितला.

दसरा आला. भाऊंनी सगळी हत्यारं पुसली, ओळीत मांडली. कॅमेरा, बल्ब, बांबू, पेटी. प्रत्येकाला झेंडूचा हार. माझ्या पेन्सिलीलासुद्धा एक फूल. एक हार उरला. भाऊ इकडेतिकडे बघत होते. मग काचेशी गेले आणि साईंच्या फोटोला घातला. "हाही आपलाच माणूस," म्हणाले. "यानेच तर पेटी आणवली." इतकं छान दिसत होतं ते, काळापांढरा हसरा चेहरा आणि भोवती पिवळाधमक झेंडू, की आम्ही दोघं रस्त्यात जाऊन बघून आलो. आपण काय केलंय हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

दसऱ्यानंतर लगेचच गोपी माहेरी आली. कळवलेलं पत्र पोचलं नसावं, कारण घ्यायला कुणी नव्हतं. अंबरनाथ स्टेशनावर उतरून टांगा केला. टांगा आमच्यावरूनच जायचा.

टांगा थांबल्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर बघितलं. गोपी काचेसमोर उभी होती. काचेत बाप, बापाला हार. तिच्या हातातली ट्रंक खाली पडली. ती ओरडली नाही. नळावर शिकलेलं तिचं सगळं मराठी कुठेतरी गेलं. पायरीवर खाली बसली आणि नुसती हाराकडे बघत राहिली.

"अगं नाही, नाही!" भाऊ धावत आले. "ठणठणीत आहेत! हा आपला दसऱ्याचा... मी कौतुकाने..." तिने ऐकलंच नाही. भाऊ खोटं सांगून समजूत घालतायत असंच तिला वाटत होतं, आणि तसल्या वेळी लोक तसंच करतात. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी सायकल काढली.

कॅम्पापर्यंत मी कसा गेलो ते विचारू नका. साईंना सुयांच्या मधून उचललं, मागे कॅरियरवर बसवलं आणि उलटा निघालो. ते वाटभर विचारत होते, "क्या हुआ? भाऊ को कुछ हुआ क्या?" मान हलतेय आणि त्याबरोबर माझी सायकल हलतेय. मारुतीच्या देवळाकडून वळलो. गोपी अजून पायरीवरच होती. तिने मान वर केली. एवढ्या लांबून तिला साईंचा चेहरा काही दिसत नसणार. पण माझ्या खांद्यामागे एक पांढरी टोपी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे होत होती. ती उभी राहिली.

आम्ही पोचेपर्यंत तिने काचेतला हार ओढून तोडला होता. झेंडू सगळा रस्त्यात. बापाला पोटाशी धरलं, त्याची टोपी सरळ केली, आणि मग वळली. मराठी परत आलं होतं.

"ए भाऊ! अक्कल कुठे ठेवली तू? गहाण? जिवंत माणसाला हार घालतो? मेल्या, तुला बाप नाय? थांब, पळू नको, अजून झालं नाय माझं!"

"चुकलं माझं," भाऊ म्हणाले.

"हाराचं सोड! हार तर आज घातला. तिकडे इंदूरला रोज बघते मी तो फोटो. सासूला दाखवला, बघ माझे बाबा. रात्री एकटी बघते तर भीती वाटते. नाक बाबांचं, टोपी बाबांची, हसणं पण बाबांचं. पण हलत नाय! माझ्या जन्मापासून हा माणूस एक मिनिट थांबला नाय. थांबेल तो एकदाच थांबेल. आणि तू आत्ताच थांबवून ठेवलाय त्याला, काचेत! कुणी सांगितलं तुला?"

"तूच गं," भाऊ हळूच म्हणाले.

"मला तेव्हा अक्कल नव्हती! तुला तर होती ना?"

साईं मधे पडायला गेले, "बेटी, भाऊ ने तो इतनी मेहनत से—"

"तू गप बस, बाबा. आत चल. त्या खुर्चीवर बस." मग माझ्याकडे, "ए सायकल, तू पण चल." आणि पेटीवरचा कपडा काढायला निघालेल्या भाऊंना, "तिला हात लावू नको! तुझा तो पहिला मोठा बल्ब काढ, धूर येणारा. काढ म्हणते ना. आणि खबरदार, बाबांना 'हलू नका' म्हणालास तर!"